वाचकांचे प्रश्न : अंगठी, अठरा क्रमांकाची जर्सी आणि नेरी पुम्पिदो

गेल्या अंकात १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकावर लिहिताना अर्जेंटिनाचे गोलरक्षक नेरी पुम्पिदो यांचा उल्लेख मी एका वाक्यात उरकला होता. त्यावर इंदूरहून तीन आणि ग्वाल्हेरहून एक अशी चार पत्रे आली, आणि चारही पत्रलेखकांना मॅराडोनाविषयी नव्हे, तर या गोलरक्षकाविषयीच विचारायचे आहे. म्हणून हे सदर या वेळी त्यांच्यापुरतेच ठेवले आहे.

प्रश्न : माझा नातू चिमणबागेच्या मैदानावर गोलरक्षक म्हणून सराव करतो. त्याच्या बोटातील पोवळ्याची अंगठी प्रशिक्षकांनी काढायला लावली आणि कारण म्हणून अर्जेंटिनाच्या एका विश्वविजेत्या गोलरक्षकाचे बोट अंगठीमुळे तुटल्याची हकिगत सांगितली. अंगठी पत्रिका दाखवून घातलेली आहे. ही हकिगत खरी आहे, की मुलांना धाक घालण्यासाठी रचलेली?
(एक आजी, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : हकिगत खरी आहे आणि ती पुम्पिदो यांचीच आहे. रिव्हर प्लेट या ब्युनोस आयर्सच्या क्लबकडून ते खेळत असताना सरावात त्यांनी आडव्या दांड्याकडे उडी घेतली, आणि खाली येताना त्यांच्या लग्नाची अंगठी जाळी बांधण्यासाठी दांड्याला बसवलेल्या आकड्यात अडकली. अशा वेळी शरीर खाली येते, अंगठी वरच राहते आणि सगळा भार त्या एका बोटावर पडतो. त्वचा, स्नायुबंध आणि रक्तवाहिन्या क्षणात ओरबाडून निघतात. पुम्पिदो यांचे बोट शस्त्रक्रियेने जोडले गेले आणि ते पुन्हा गोलात उभे राहिले, हे त्यांचे नशीब. प्रत्येकाच्या बाबतीत तसे घडत नाही.

फुटबॉलच्या नियमांनुसार खेळाडूने कोणताही दागिना घालून मैदानावर उतरायचे नसते, आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळणेही चालत नाही. पोवळे गोफात ओवून गळ्यात घालण्याची तोड आपल्या घरी कोणी सुचवलीच, तर तीही त्याच नियमात बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सरावाच्या दोन तासांपुरते पोवळे देवघरात ठेवावे, आजी. मंगळ तेवढे समजून घेईल.

प्रश्न : १९८६ च्या विश्वचषकात पुम्पिदो यांच्या पाठीवर १८ हा क्रमांक होता. पहिला क्रमांक गोलरक्षकाचा असताना त्यांना १८ का मिळाला? ते मुळात राखीव खेळाडू होते काय?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : राखीव मुळीच नव्हते, त्या स्पर्धेतील सातही सामने तेच खेळले. त्या काळी अर्जेंटिनाचा संघ आडनावांच्या वर्णानुक्रमाने क्रमांक वाटत असे. त्यामुळे १ हा क्रमांक आल्मिरोन या आघाडीच्या खेळाडूला मिळाला आणि ‘पी’ने सुरू होणारे पुम्पिदो अठराव्या जागी गेले. त्या वर्षी अपवाद केला गेला तो मॅराडोना, पासारेला आणि वाल्दानो या तिघांसाठी. पुम्पिदो यांना विश्वचषकात १ क्रमांक मिळाला तो पुढे १९९० मध्ये, आणि तो त्यांना लाभला नाही, हे पुढच्या उत्तरात येईलच.

प्रश्न : ८ जून १९९० च्या रात्री टिळकनगरातील आमच्या घरी शेजारपाजारची सगळी मंडळी दूरदर्शनसमोर बसली होती, आणि कॅमेरूनने गतविजेत्या अर्जेंटिनाला हरवले तेव्हा कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. तो गोल पुम्पिदो यांच्या चुकीमुळे झाला का? त्यानंतर ते दिसलेच नाहीत. त्या चुकीपायी त्यांना संघातून काढले, असे आमचे वडीलबंधू आजही सांगतात.
(एक निवृत्त शिक्षक, इंदूर)

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाला ‘होय’ आणि वडीलबंधूंच्या विधानाला ‘नाही’ असे उत्तर द्यावे लागेल.

मिलानमधील त्या उद्घाटनाच्या सामन्यात ६१ व्या मिनिटाला कॅमेरूनच्या काना-बियिकला लाल कार्ड मिळाले आणि संघ दहा जणांवर आला. सहाच मिनिटांनी त्याचा भाऊ ओमाम-बियिक याने बचावपटूच्या डोक्यावरून उंच झेप घेऊन हेडर मारला. झेप अचाट होती, पण फटक्यात जोर नव्हता. चेंडू सरळ पुम्पिदो यांच्याकडे आला, त्यांच्या हातांतून निसटला आणि गोलरेषेपलीकडे गेला. चेंडू ओला असेल, समोर गर्दी असेल, अशी कारणे पुष्कळ देता येतात. मी ती देणार नाही. एवढ्या दर्जाच्या गोलरक्षकाने तो चेंडू अडवायलाच हवा होता. मात्र कॅमेरूनचे खेळाडू त्या रात्री गोलरक्षकाच्या चुकीमुळेच जिंकले, असेही म्हणता येत नाही, कारण शेवटी दुसऱ्या लाल कार्डामुळे नऊच जण उरले असताना त्यांनी मॅराडोनाच्या संघाला गोल करू दिला नाही, हे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व होते.

संघातून मात्र पुम्पिदो यांना कोणी काढले नाही. पाच दिवसांनी, १३ जूनला, नेपल्समध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध तेच गोलात उभे होते. सामन्याच्या सुरुवातीलाच गोलक्षेत्रात आलेला चेंडू अडवताना त्यांची टक्कर स्वतःच्याच संघातील ओलार्तिकोएचेआशी झाली आणि त्यांचा पाय मोडला. स्ट्रेचरवरून ते बाहेर गेले ते कायमचे. राष्ट्रीय संघासाठी ते पुन्हा खेळले नाहीत. येथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. १९८६ च्या उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडच्या लिनेकरने एक गोल परत केल्यावर, अखेरच्या मिनिटांत त्याच्या डोक्यापर्यंत आलेला आणखी एक चेंडू गोलरेषेजवळ डोक्याच्या मागच्या बाजूने बाहेर काढणारा बचावपटू हाच ओलार्तिकोएचेआ होता. चार वर्षांपूर्वी ज्याने पुम्पिदो यांचा गोल वाचवला, त्याच्याच टकरीने त्यांची राष्ट्रीय संघातील कारकीर्द संपली.

त्यांच्या जागी आलेले सर्खियो गॉयकोचेआ हे रिव्हर प्लेटमध्ये अनेक वर्षे पुम्पिदो यांच्याच मागे राखीव म्हणून बसलेले होते. पुढे युगोस्लाव्हिया आणि इटली यांच्याविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये त्यांनी जे केले, ते आपणही त्याच दूरदर्शनवर पाहिले असेल. त्यामुळे जगाच्या स्मरणात १९९० चा अर्जेंटिनाचा गोलरक्षक म्हणून गॉयकोचेआ राहिले आणि पुम्पिदो हे निसटलेल्या चेंडूपुरते उरले. मला हा हिशेब बरोबर वाटत नाही. १९८६ च्या सात सामन्यांत त्यांनी मिळून पाचच गोल खाल्ले, आणि त्यातला एक पेनल्टीवर होता. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने केलेले दोन्ही गोल कॉर्नरवरून झाले आणि तेथे अर्जेंटिनाची बचावफळी विस्कळीत झाली होती, हे खरेच. पण त्या स्पर्धेत उरुग्वे, बल्गेरिया आणि बेल्जियम यांना गोल करताच आला नाही. त्याच वर्षी रिव्हर प्लेटने लिबर्तादोरेस चषक, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, पहिल्यांदा जिंकली आणि डिसेंबरात टोकियोला रुमानियाच्या स्टेआवा बुखारेस्टला १-० असे हरवून आंतरखंडीय चषकही, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधील सामन्याचा चषक, आणला. दोन्ही वेळी गोलात पुम्पिदो होते. एका वर्षात देशाचा, खंडाचा आणि जगाचा असे तीन किताब मिळालेले गोलरक्षक फारसे नाहीत. त्यानंतर ते स्पेनच्या रेआल बेटिसमध्ये गेले. तेथील काळ सामान्यच गेला आणि पहिल्याच हंगामात संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला.

प्रश्न : गोलरक्षक चांगला प्रशिक्षक होत नाही, असे आमच्या ग्वाल्हेरच्या कट्ट्यावर ठामपणे मांडले जाते. तो आयुष्यभर एका जागी उभा असतो, त्याला डावपेच काय कळणार, हा त्यामागचा युक्तिवाद. पुम्पिदो प्रशिक्षक झाले होते, असे वाचले. त्यांना यश आले का?
(एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : आपल्या कट्ट्यावरील मंडळींना प्रथम इटलीच्या दिनो झोफ यांचे नाव सांगावे. १९८२ मध्ये चाळिसाव्या वर्षी कर्णधार व गोलरक्षक म्हणून विश्वचषक जिंकणारे झोफ प्रशिक्षक म्हणून इटलीला २००० च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले होते. स्पेनचे लोपेतेगी हेही गोलरक्षकच होते, आणि त्यांच्या हाताखाली सेव्हियाने २०२० मध्ये युरोपा लीग जिंकली. माझ्या मते युक्तिवाद उलटा हवा : मैदानावरील एकवीस जणांना आपल्यासमोर नव्वद मिनिटे पाहत राहणारा खेळाडू एकच असतो. अडचण आहे ती वेगळी. गोलरक्षकाचा सराव उरलेल्या संघापासून दूर, कोपऱ्यात चालतो, आणि आक्रमण कसे रचायचे हे त्याला कोणी शिकवत नाही.

पुम्पिदो यांनी प्रशिक्षणाची सुरुवात सांता फे शहरातील उनिऑन या क्लबमध्ये केली, जेथून खेळाडू म्हणूनही त्यांची कारकीर्द सुरू झाली होती. त्यांचे जन्मगाव मोंखे त्याच प्रांतातले. पुढे ते पराग्वेच्या ओलिंपिया क्लबकडे गेले, आणि २००२ हे त्या क्लबचे शताब्दी वर्ष होते. त्या वर्षीच्या लिबर्तादोरेस स्पर्धेत ओलिंपियाने उपांत्यपूर्व फेरीत बोका ज्युनियर्सला, तर उपांत्य फेरीत ब्राझीलच्या ग्रेमिओला पेनल्टींवर हरवले. अंतिम फेरीत समोर साऊ काएतानू होता, १९८९ मध्ये स्थापन झालेला, म्हणजे तेरा वर्षेही पूर्ण न झालेला क्लब.

पहिला सामना २४ जुलैला असुन्सियॉनमध्ये झाला आणि ओलिंपिया घरच्या मैदानावर ०-१ असा हरला. दुसऱ्या दिवशी, २५ जुलैला, क्लबला शंभर वर्षे पूर्ण झाली. तो वाढदिवस कसा गेला असेल, याची कल्पना करावी. ३० जुलैला पुम्पिदो पंचेचाळीस वर्षांचे झाले, आणि ३१ ला साऊ पावलोच्या पाकाएम्बू मैदानावर परतीचा सामना होता. साऊ काएतानूने पहिला गोल केल्यावर एकूण फरक दोन गोलांचा झाला. मध्यंतरानंतर मात्र कोर्दोबा आणि बाएस यांनी दहा मिनिटांच्या अंतराने गोल करून दोन्ही सामने मिळून बरोबरी साधली, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ओलिंपिया ४-२ असा जिंकला. गॉयकोचेआ ज्या शूटआउटमुळे प्रसिद्ध झाले, ते विश्वचषकात पुम्पिदो यांच्या वाट्याला खेळाडू म्हणून एकदाही आले नव्हते. प्रशिक्षक म्हणून त्यांना एकाच स्पर्धेत दोनदा रेषेबाहेर उभे राहून ते पाहावे लागले.

खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही लिबर्तादोरेस जिंकणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांत पुम्पिदो एक आहेत. त्या डिसेंबरात योकोहामाला रेआल माद्रिदने रोनाल्डो आणि गुती यांच्या गोलांनी ओलिंपियाला २-० असे हरवले, त्यामुळे आंतरखंडीय चषक दोन्ही भूमिकांत जिंकण्याची संधी हुकली. नंतर मेक्सिकोच्या तिग्रेस संघाला त्यांनी २००३ च्या हंगामातील अंतिम फेरीत नेले, पण तेथे पाचुकाने त्यांना रोखले. २००२ सारखे यश पुढच्या क्लबांमध्ये त्यांना मिळाले नाही, हे मान्य करायला हवे. त्यानंतर ते दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाच्या कारभारात गेले, तेव्हा आपल्या कट्ट्यावरील मंडळींना हवे असेल, तर पुढचा वाद गोलरक्षक चांगला प्रशासक होतो का, यावर घालता येईल.