शेततळ्यात शिंपले सोडण्याआधी

दादा, निपाणीकडच्या शेततळ्यात मोत्यांसाठी शिंपले पाळायचे म्हणताय, जरूर पाळा. मोती तयार व्हावा म्हणून शिंपल्यात मणी बसवायची शस्त्रक्रिया, मोत्याचा आकार, बाजारभाव हे सगळं नंतर. पहिल्या हंगामात शिंपले जगवायचे, बस्स.

शिंपला पाणी गाळून खातो, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या कल्ल्यांतून जातं. ताण आला की तो मिटून बसतो, खाणं थांबतं, ताकद जाते. मग एरवी त्रास न देणारे पाण्यातले जिवाणूही त्याला मारतात. नवखे लोक इथेच औषधं ओतायला धावतात. आधी पाणी बघा.

– उसाच्या फडातलं फवारणीचं पाणी तळ्यात उतरू देऊ नका. शेवाळ मारायला मोरचूद तर अजिबात नको, त्यातलं तांबं शिंपल्यांना फार विषारी.
– बाहेरून आणलेले शिंपले थेट सोडू नका. काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवा, क्लोरीनचं नळपाणी मात्र नको.
– शिंपले ज्यात ठेवून पाण्यात टांगतात त्या जाळीत दाटी नको. हात लावूनही न मिटणारा शिंपला लगेच बाहेर काढा, कुजला की शेजारचेही जातात.

एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, तापतं, आणि पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. तेव्हा जाळ्या थोड्या खोल उतरवा, पण गाळाला टेकवू नका.