गोव्यात बुर्किनी (अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख) घालून समुद्रात पोहता येतं का? कुणी अडवतं का?

बिनधास्त पोहा. अंगभर कपड्यांवर बंदीची भानगड फ्रान्समधली, आणि तिथल्याही एका गावाची बंदी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१६ मध्ये स्थगित केली. आपल्याकडे तर साडी नेसून लाटांत बसलेल्या आज्या दिसतात, कोण कुणाला अडवणार!

खरी अडचण कापडाची. सुती सलवार-कमीज किंवा बुरखा पाणी पिऊन जड होतो, पायांत गुंडाळतो; खोल पाण्यात ते धोक्याचंच. पॉलिएस्टर-लायक्राची, टोपी जोडलेली बुर्किनी घ्या. बागा-कळंगुटची गर्दी नको असेल तर काणकोणातलं पाळोळें, तेही सकाळी लवकर; तिथं पाणी त्यामानानं शांत. लाल बावटा दिसला तर उतरू नका, पावसाळ्यात तर नावच नको. हॉटेलच्या तलावाचे नियम वेगळे असू शकतात, बुकिंगआधी विचारा.