फाइलची वेळ बदलताना

जुन्या कोडमध्ये फाइलची वेळ बदलणारं यूटाइम हे सी भाषेतलं फंक्शन दिसेल, पण नव्या प्रोग्रॅममध्ये घेऊ नकोस. २००८च्या पॉझिक्सनेच (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं प्रमाणक) ते कालबाह्य ठरवलंय. त्याऐवजी यूटाइमेन्सॅट वापर, नॅनोसेकंदापर्यंत वेळ देता येते. त्याला द्यायच्या ॲरेत पहिली वेळ फाइल वाचल्याची, दुसरी बदलल्याची. एकच बदलायची असेल तर स्टॅटने (फाइलची माहिती देणारं फंक्शन) दुसरी वाचून तीच परत लिहायचा खटाटोप नको. मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसने फाइल वाचली, तर ती नोंद पुसली जाईल. जी वेळ बदलायची नाही, तिच्या नॅनोसेकंदाच्या फील्डमध्ये यूटाइम_ओमिट ठेव, म्हणजे ती आहे तशीच राहते.

आणि क्रम सांभाळ बाबा! आधी सगळा मजकूर लिही, एफफ्लशने बफर रिकामा कर, मगच वेळ लाव. बफरमध्ये अडकलेला मजकूर एफक्लोजने फाइल बंद करताना डिस्ककडे गेला, की बदलाची वेळ पुन्हा आत्ताची होते, आणि एररही येत नाही. सीटाइमच्या (फाइलची माहिती शेवटची बदलल्याची वेळ) मागे लागू नकोस, ती कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच लावतो.