मेसेज एकालाच का जातो?

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज पुढे पाठवायला गेले तर व्हॉट्सॲप एकाच चॅटला पाठवू देतं. फोन बिघडलाय का?

उत्तर: फोन ठणठणीत आहे हो काकू. मेसेजवर डबल बाण दिसतोय ना, म्हणजे तो आधीच बराच फिरून आलाय, आणि एप्रिल २०२० पासून असला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. त्याआधी २०१८ मध्ये भारतात पाच चॅटची मर्यादा आली, का तर मुलं पळवणारी टोळी आलीय अशा अफवांवरून माणसं मारली जात होती, आपल्या धुळे जिल्ह्यातच राईनपाड्याला १ जुलैला भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. अफवा नवीन नाहीत म्हणा, सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली ती लँडलाइनवरूनच, आमची आईपण वाटी-चमचा घेऊन रांगेत! पण तेव्हा एकेकाला फोन लावून सांगावं लागायचं आणि समोरचा निदान विचारायचा तरी, तू स्वतः बघितलंस का? आता नुसता अंगठा टेकवायचा.

आणि हो, कॉपी-पेस्ट केलं की तो बाण गायब होतो, भाचेमंडळी शिकवतील तुम्हाला, शिकू नका.