पिवळ्या पाटीला ४४ एई लावणाऱ्या एजंटपासून सावध

तुमचा प्रश्न असा: पुण्यात स्वतःची सहा वर्षं जुनी सीएनजी गाडी ॲपवर चालवता, वर्षभरात खात्यात साडेसात लाख आले, पुढे कर्ज काढून नवी गाडी घ्यायची आहे. एजंट म्हणतो, '४४ एईखाली ९० हजार नफा दाखवू.' तसं रिटर्न भरावं का?

अजिबात नको. ४४ एई हे आयकराचं कलम हिशेबवह्यांशिवाय ठरावीक नफा धरू देतं, पण ते मालवाहू गाड्यांसाठी आहे. टेम्पो, पिकअप, ट्रक. गाडीमागे महिन्याला ७,५०० गुणिले १२, म्हणजे ९० हजार, हा हिशेब तिथल्या छोट्या गाड्यांचा. तुमच्या गाडीत माणसं बसतात. पिवळी पाटी दिसली की डोळे मिटून ४४ एई टाकणाऱ्यांशी भांडून माझा घसा बसलाय.

तुमचं कलम ४४ एडी (छोट्या धंद्याचा नफा उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरणारं), रिटर्नचा फॉर्म आयटीआर-४, धंद्याचा कोड प्रवासी वाहतुकीचा.

आता खरी गोम. साडेसात लाख ही तुमची उलाढाल नाहीच. प्रवाशाने दिलेलं पूर्ण भाडं ही उलाढाल. ॲपचं कमिशन हा तुमचा खर्च. शिवाय रोख ट्रिपचे पैसे तुमच्या खिशात जातात आणि त्यांचं कमिशन पुढच्या पेमेंटमधून कापलं जातं, त्यामुळे पासबुकाचा आकडा उलाढालीशी कधीच जुळत नाही. ॲपवरून वर्षाचा टॅक्स समरी काढा, मग आयकर पोर्टलवर २६ एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांची माहिती) उघडा. तिथे १९४-ओ या कलमाखाली ॲप कंपनीने पूर्ण भाड्यावर ०.१ टक्का टीडीएस (आधीच कापलेला कर) कापलेला दिसेल. समजा ९,६०,००० वर ९६० रुपये. ते ९६० परत मागायचे आणि उलाढाल साडेसात लाख लिहायची, असं केलं की रिटर्न सदोष असल्याची १३९(९) ची नोटीस येते. मग १५ दिवसांत दुरुस्ती.

त्या ९,६०,००० पैकी समजा ३,६०,००० रोख आले. ४४ एडीत नफा धरायचा रोखीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के: २८,८०० अधिक ३६,०००, एकूण ६४,८००. एजंट मंडळी इथेच हात झटकतात. पण हा नफ्याचा तळ आहे, नफा नव्हे. प्रत्यक्षात जास्त सुटलं असेल तर जास्तच दाखवायचं, हे कलमातच आहे. तुमचा खरा हिशेब साधारण असा निघेल: कमिशन २,१०,०००, सीएनजी २,४०,०००, विमा-परमिट-पासिंग ५०,०००, टायर आणि सर्व्हिसिंग ६०,०००, जुन्या गाडीचा घसारा (वापराने घटलेली किंमत) २५,०००. उरले ३,७५,०००.

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य. त्यापुढे १२ लाखांपर्यंतही ८७ ए च्या सवलतीने शून्यच. म्हणजे ६४,८०० दाखवा की ३,७५,०००, भरायचा कर तोच. मग दाबून काय वाचवलं? उद्या बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागेल. महिना ५,४०० कमावणाऱ्याला १५ हजारांचा हप्ता कोण देईल? 'टॅक्स वाचवला' म्हणत फी घेणाऱ्याला हे विचाराच.

पगारदारांचे ७५,००० वजा करून १२.७५ लाखांचं गणित मात्र मांडू नका, ती वजावट धंद्याला नाही. घसारा, कर्जाचं व्याज ४४ एडीत वेगळं मागता येत नाही. ते आधीच धरलेलं असतं. खरोखर तोटा असेल, उदाहरणार्थ नवी गाडी आणि मोठं कर्ज, तर हिशेबवह्या ठेवून आयटीआर-३ भरा. तिथे भाड्याच्या टॅक्सीला घसारा ३० टक्के मिळतो, घरच्या गाडीचा १५ नव्हे. हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. पण एकदा ४४ एडी घेऊन मध्येच सोडलं तर पुढची ५ वर्षं ते परत मिळत नाही, तेव्हा नवी गाडी घेण्याआधीच ठरवा.

हो, हे सगळं २०२५-२६ या आर्थिक वर्षापुरतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू, कलमांचे क्रमांक बदललेत. आणि कमिशनऐवजी रोजची ठरावीक फी घेणाऱ्या ॲपवर प्रवासी थेट तुमच्या यूपीआयवर पैसे टाकत असतील, तर ते २६ एएसमध्ये दिसले नाहीत तरी उलाढालीत धरायचेच. जीएसटीची काळजी करू नका. कमिशनवाल्या ॲपवरच्या भाड्याचा ५ टक्के ॲपवालाच भरतो.