१६ सप्टेंबरला काय ऐकवू?

प्रश्न : ताई, आमच्या वाचनालयात (फोंडा तालुका, गावाचं नाव छापू नका, समितीवाले मला खातील) दरवर्षी १६ सप्टेंबरला गायिका केसरबाई केरकरांच्या आठवणीत छोटा कार्यक्रम असतो. माझा भाचा पणजीला व्हायोलिन शिकतो, तो म्हणाला मावशी, त्याच दिवशी त्याच वर्षी मारिया कॅलस पण गेली. मी म्हटलं ही कोण, तर म्हणे ऑपेराची, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाची, केवढी मोठी गायिका. आता माझ्या डोक्यात आलंय की यंदा दोघींना एकत्र आठवूया. पण समितीत म्हणतात त्या किंकाळ्या कोण ऐकणार, लोक उठून जातील. ठेवू का? आणि ठेवलंच तर काय ऐकवू?

उत्तर : ठेवा हो. भाच्याचं बरोबर आहे, दोघी १६ सप्टेंबर १९७७ लाच गेल्या, केसरबाई ८५ वर्षांच्या होऊन आणि कॅलस पॅरिसच्या फ्लॅटमध्ये हार्ट अटॅकने, फक्त ५३ व्या वर्षी. पण नुसत्या तारखेवर कार्यक्रम करू नका, ती गोष्ट दोन मिनिटांत सांगून संपते, पुढचा दीड तास काय करणार?

मला विचाराल तर दोघींची तालीम सांगा, आपल्या लोकांना ते लगेच कळतं. केसरबाई केरीच्या, लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे थोडं शिकल्या, मग वझेबुवा, मग मुंबईत भास्करबुवा, आणि एवढं सगळं झाल्यावर तिशीला टेकलेल्या असताना १९२१ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांकडे परत शिकायला बसल्या ते १९४६ ला खाँसाहेब जाईपर्यंत! कॅलसचा जन्म न्यूयॉर्कचा, आईबाप ग्रीक, १९३७ मध्ये आई तिला अथेन्सला घेऊन गेली, तिथे एल्व्हिरा दे इदाल्गो ही स्पॅनिश बाई तिची गुरू. स्वतःचा धडा संपला तरी कॅलस घरी जायची नाही, बाकीच्या मुलांचे धडे ऐकत संध्याकाळपर्यंत तिथेच. गुरूच्या घरी पडून राहणं म्हणतो ना आपण, तेच.

आणि १९४९ चा व्हेनिसचा किस्सा सांगाच. ती तिथे वाग्नर या संगीतकाराच्या जर्मन ऑपेरात गात होती, तो रोल म्हणजे दणदणीत, भारी आवाजाचं काम, आणि तेवढ्यात दुसऱ्या ऑपेराची गायिका आजारी पडली, बेल्लिनीचा 'इ पुरितानी', सगळा बारीक तानांचा कारभार. काही दिवसांत तिने तो रोल बसवला आणि त्याच महिन्यात दोन्ही गायली. ध्रुपद गाणाऱ्या बाईला सांगावं की आठवड्यात ठुमरीची मैफल आहे, आणि तिने ती जिंकावी, असं काहीतरी समजा. तिथून तिचं नाव झालं.

आता ऐकवायचं काय. अख्खा ऑपेरा अजिबात नको, तिथे मात्र समितीचं खरं आहे, लोक उठतील. दोनच तुकडे. पहिला 'कास्ता दीवा', बेल्लिनीच्या 'नॉर्मा'मधला. आधी मराठीत दोन ओळी सांगा की नॉर्मा ही पुजारीण आहे, तिच्या लोकांना युद्ध हवंय आणि ती चंद्राला देवी म्हणून आळवते की शांती दे. सुरुवातीला बासरी चाल दाखवते, मग ती धरते, आणि ओळ अशी लांबत जाते की श्वास कुठे घेतला ते कळत नाही. मी हे घरी लावलं होतं तेव्हा शेजारची वहिनी ओट्यावर अबोलीचा वळेसर करत बसलेली, भजनी मंडळात गाते ती, ऑपेरा वगैरे शब्द पण माहीत नाही. हातातला दोरा तसाच राहिला आणि म्हणाली, "हिचा सूर लावायच्या आधीच लागलेला असतो गे." मी एवढी वर्षं ऐकतेय, मला हे वाक्य सुचलं नव्हतं. वर चढून हळूहळू खाली उतरणारी जागा येते ना, तिथे तुमच्याकडे पण कोणीतरी मान हलवणारच, बघा.

दुसरा तुकडा 'तोस्का'मधला 'विस्सी दार्ते', १९५३ चं मिलानच्या ला स्काला ऑपेरा थिएटरचं रेकॉर्डिंग शोधा, दे साबाता कंडक्टर (ऑर्केस्ट्रा चालवणारा) आहे ते. मी कलेसाठी जगले, कोणाचं वाईट केलं नाही, मग देवा माझ्याच वाट्याला हे का, असा अर्थ. तीनेक मिनिटांचं आहे. फोनवरून वाजवू नका प्लीज, चांगला स्पीकर आणा, आणि सप्टेंबरात लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टरची सोय बघून ठेवा.

क्रम उलटा करू नका हं. कॅलस आधी, केसरबाई शेवटी. कारण त्यांची 'जात कहाँ हो' भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, तीच जी नासाने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आहे. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला, म्हणजे बाई जायच्या ११ दिवस आधी आवाज पुढे गेलेला. (त्या तबकडीवर ऑपेरा पण आहे, मोझार्टचा, पण गायिका एड्डा मोझर, कॅलस नाही. भाच्याला विचारा माहीत होतं का.) भैरवी झाली की उठायचं, मग कोणी उठलं तरी समितीची तक्रार नको.

प्रश्न : कॅलस म्हणजे भांडखोर बाई, अर्धा प्रयोग टाकून गेली असं वाचलंय. अशांची आठवण कशाला काढायची? — मडगावचे एक वाचक

उत्तर : टाकून गेली, खरंय. २ जानेवारी १९५८, रोम, 'नॉर्मा', इटलीचे राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले, आणि पहिल्या अंकानंतर ती परत स्टेजवर आलीच नाही. घसा बसला होता. पेपरवाल्यांनी सोलून काढलं. आता मला सांगा, आपल्याकडे एखादे बुवा तंबोरा खाली ठेवून उठले तर आपण कौतुकाने सांगतो, लहरी होते हो, कलावंत माणूस! बाई उठली की भांडखोर. केसरबाई पण काही गोड बोलून कोणाला खुश करणाऱ्या नव्हत्या.

कॅलसबद्दल मला खटकतं ते वेगळंच. केसरबाईंनी साठच्या दशकात मैफली थांबवल्या. कॅलसचा शेवटचा ऑपेरा १९६५ चा, पण १९७३ ला ती परत दौऱ्यावर निघाली, शेवट नोव्हेंबर १९७४ मध्ये जपानला साप्पोरोत. ती रेकॉर्डिंग्ज ऐकवत नाहीत, वरचे सूर थरथरतात, कधी कधी फाटतातच. निघायला नको होतं तिने. तरी एखाद्या शब्दावर ती अशी काही थांबते की मी बंद करता करता परत ऐकते. तुम्ही ऐकून बघा आणि मग भांडा माझ्याशी.

प्रश्न : ऑपेरात माईक नसतो हे खरं का? आम्ही नाट्यस्पर्धेत चार माईक लावून पण शेवटच्या रांगेत ऐकू जात नाही. — वास्को

उत्तर : परंपरेने नसतो. एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राचा जोर खालच्या सुरांत जास्त असतो, आणि तयार गळा ३००० हर्ट्झच्या आसपास एक झणझणीत धार आणतो, तिथे वाद्यं कमी पडतात आणि आपला कान सगळ्यात तिखट असतो, म्हणून आवाज आरपार जातो. कॅलस १९४७ ला व्हेरोनाच्या उघड्या रोमन प्रेक्षागारात गायली ती गळ्याच्या जोरावर. आपल्याकडे माईक यायच्या आधी संगीत नाटकवाले शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचेच की. तुमचे चार माईक मात्र एकमेकांशी भांडत असतील, दोन काढा आणि तो एको बंद करा.