स्फटिकही वाढतो, मग तो सजीव का नाही?

प्रश्न : मिठाचा स्फटिक वाढतो, खेचराला पिल्ले होत नाहीत. मग वाढ आणि प्रजनन ही सजीवांची लक्षणे कशी?

उत्तर : एकच लक्षण सुटे धरले की हा घोळ होतोच. स्फटिकावर द्रावणातले आयते कण बाहेरून थरावर थर बसतात. सजीव मात्र अन्न आधी तोडतो आणि त्या तुकड्यांतून आपल्याला हवे ते रेणू पेशीच्या आत नव्याने बांधतो. ही तोडणी-बांधणी म्हणजे चयापचय. लक्षणांत पहिला मान आम्ही त्यालाच देऊ. खेचर वांझ असले तरी त्याच्या पेशींत हे काम अखंड चालते. प्रजनन जातीला टिकण्यासाठी लागते, एकट्या जीवाला जगण्यासाठी नव्हे. विषाणूचे तसे नाही : प्रथिनाचे कवच, आत डीएनए किंवा आरएनए, आणि पेशीबाहेर चयापचय शून्य. म्हणून तो सजीव-निर्जीवांच्या सीमेवरच राहतो.

प्रश्न : निर्जीवांत न सापडणारे एखादे मूलद्रव्य सजीवांत असते का?

उत्तर : एकही नाही. माणसाच्या वजनात ऑक्सिजन सुमारे 65 टक्के, कार्बन 18, हायड्रोजन 10 आणि नायट्रोजन 3 टक्के. चारांतच 96 टक्के संपले. सजीवांचे रेणू तयार व्हायला ‘जीवनशक्ती’ लागते, असा पूर्वी समज होता. 1828 मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि त्या समजाला तडा गेला.

वेगळेपण आहे ते जोडणीत. कार्बनचा अणू चार बंध करतो, त्यामुळे लांब साखळ्या, फांद्या, कडी असे सगळे जमते. ग्लुकोजच्या रेणूंचे स्टार्च होते, 20 प्रकारच्या अमिनो आम्लांपासून प्रथिने, न्यूक्लिओटाइडांपासून डीएनए. सेल्युलोजही ग्लुकोजचेच, फक्त बंधाची ठेवण वेगळी. तेवढ्याने आपली विकरे (पचन घडवणारी प्रथिने) स्टार्च तोडतात, सेल्युलोज तोडू शकत नाहीत. मेद मात्र या रांगेत बसवू नका. त्यात एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात, एकाच घटकाची लांब साखळी नसते.

प्रश्न : साध्या साखरेच्या द्रावणात बेनेडिक्ट द्रावण (ग्लुकोजसारख्या साखरा ओळखण्याचे, तांब्याचे आयन असलेले निळे द्रावण) घालून तापवले, तरी निळा रंग बदलला नाही. रसायन खराब झाले असेल का?

उत्तर : बहुधा रसायनाचा दोष नाही. साखर म्हणजे सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची क्रिया करणारी टोकेच एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून तांब्याच्या आयनांवर क्रिया होत नाही. आधी हा बंध तोडा. 2 मिलिलिटर द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात 5 मिनिटे धरा. थंड झाल्यावर चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत. ही पायरी अनेक जण गाळतात आणि प्रयोग तिथेच फसतो, कारण बेनेडिक्ट द्रावण आम्लारीधर्मीच राहायला हवे. मग त्याचे 2 मिलिलिटर घालून पुन्हा 5 मिनिटे तापवा : रंग हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी होतो. ग्लुकोजची एक नळी सोबत ठेवा. तीही निळी राहिली तरच रसायनावर संशय घ्या.

स्टार्च ओळखण्याच्या आयोडीन चाचणीत नेमके उलटे : नमुना थंडच हवा. गरम द्रावणात स्टार्चचे वेटोळे सैल होऊन आयोडीन सुटते, निळा रंग जातो आणि निवल्यावर परततो.

प्रश्न : अमिनो आम्लाला बाययुरेट चाचणीत (प्रथिने ओळखण्याच्या चाचणीत) जांभळा रंग का येत नाही?

उत्तर : तो रंग चाचणीतले तांबे आणि पेप्टाइड बंध (अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारे बंध) यांमुळे येतो, आणि रेणूत असे किमान दोन बंध लागतात. सुट्या अमिनो आम्लात एकही नसतो. तिथे निनहायड्रिन (अमिनो आम्ले ओळखण्याचे रसायन) घालून तापवा. बहुतेक अमिनो आम्ले जांभळी होतात, प्रोलीन मात्र पिवळे.